घरातल्या वस्तूंविषयी

फुंकरमास्तरांना मत विचारावं लागत नसे. ते आधीच तयार असे, गरमागरम, आणि समोरच्याला भूक असो-नसो, वाढलं जाई. जिन्याखालच्या अरुंद गाळ्यात तीस वर्षं त्यांनी कॉम्प्युटर दुरुस्त केले. गिऱ्हाईक कसलंही यंत्र घेऊन येवो, पहिला उपचार ठरलेला: झाकण काढायचं, गाल फुगवायचे आणि एक जोरदार फुंकर मारायची. निम्म्या यंत्रांना तेवढंच हवं असे. त्यावरून हे नाव पडलं, आणि मास्तरांनाही ते आवडत होतं.

मतांची तर गणतीच नव्हती. प्रिंटर ही वस्तू नाही, तो स्वभाव आहे. आपल्याला घाई आहे हे त्याला बरोबर कळतं. बटण असावं तर दाबल्यावर टक म्हणणारं, नाहीतर दाबलं की नाही ते माणसाला रात्रभर कळत नाही. ज्या फोनची बॅटरी आपल्या हातानं काढता येत नाही तो फोन आपला नव्हे, आपण फक्त त्याला सांभाळतो. आणि जुनी हार्ड डिस्क मरायच्या आधी महिनाभर कुरकुरते, माणसाला आवराआवर करायला वेळ देते. ही नवी एसएसडी तोंडातून शब्द न काढता जाते.

पण ह्या सगळ्यांच्या वर एक मत होतं, आणि ते सांगताना मास्तर हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवत. "बाकी कुठेही काटकसर करा, पॉवर सप्लायमध्ये नको. सगळ्यांचं जेवण तो शिजवतो. त्यानं एक दिवस बिघडलेलं वाढलं की घरातले सगळे आडवे." खराब पॉवर सप्लाय त्यांनी कुणाच्या यंत्रात बसवला नव्हता. दुष्मनाच्याही नाही, असं ते म्हणत, आणि ते खरं होतं.

आणखी एक नियम होता. स्क्रूच्या आतलं माझं, फायलीच्या आतलं तुमचं. गिऱ्हाइकाची एकही फाईल त्यांनी कधी उघडली नाही, आणि काढलेली जुनी डिस्क त्याच संध्याकाळी पुसून कोरी केल्याशिवाय गाळा बंद केला नाही. लोक त्यांच्याकडे यंत्रं टाकून निर्धास्त जात, ते उगीच नव्हे.

मास्तरांना मुलगी एकच. लहानपणी शाळा सुटली की ती गाळ्यातल्या उंच स्टुलावर बसून हुकूम सोडायची, म्हणून तिचं नाव साहेब. साहेबांना वडिलांची जीभ मिळाली होती. घरात मिक्सर आला तरी त्यावर बापलेकींची तासभर चर्चा चाले आणि मास्तरांची बायको कानावर हात ठेवून म्हणे, "अहो, आधी तो लावू तरी द्या." साहेबांचं लग्न झालं तेव्हा मास्तरांनी एकेक भाग निवडून तिला कॉम्प्युटर जुळवून दिला. दागिने तिच्या आईनं केले. मास्तरांच्या मते टिकणारी वस्तू ती एकच होती.

साहेब चौतिसाव्या वर्षी गेली. सात महिने आजारी होती आणि मग गेली. ह्याहून जास्त सांगायला मास्तरांना कधी जमलं नाही.

जावई नकाशे काढणाऱ्या कचेरीत कामाला. माणूस चांगला, पण तीन शब्दांचा. हो बाबा, नको बाबा, बघतो बाबा. साहेब होती तोवर बोलायचं काम तिच्याकडे होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. ती गेल्यावर मास्तर आणि जावई एकमेकांसमोर बसले की पंखा तेवढा बोलायचा. दिवसकार्य संपलं, जाणंयेणं थांबलं. मास्तर चपला घालत आणि परत काढत.

"जाऊन या की," बायको म्हणायची. तिच्या स्वतःच्या पायात त्या घरी जायचं बळ नव्हतं. मुलीचा हात लागलेला पडदा दिसला तरी आपण खाली बसू आणि परत उठणार नाही, असं ती म्हणे.

"काय म्हणून जाऊ?" मास्तर म्हणायचे. "ती होती तोवर लेकीचं घर होतं. आता ते जावयाचं घर. जावयाच्या घरी सासऱ्यानं नुसतं जाऊन बसायचं, ते कशासाठी?"

तिसऱ्या महिन्यात फोन आला. "बाबा, कॉम्प्युटर सुरू होत नाहीये."

मास्तर असे निघाले की बायकोला वाटलं कुठे आग लागली. पिशवीत सगळी हत्यारं, एक नवाकोरा पॉवर सप्लाय, आणि गाळ्यातला एक जुना, फक्त तपासणीपुरता वापरायचा. त्या जुन्यातले दोन कपॅसिटर, वीज सांभाळून पुढे सोडणारे छोटे डबे, डोकी फुगून बसले होते. फार तर दोन महिने चालला असता.

साहेबांच्या खोलीत खिडकीपाशी कॉम्प्युटरचं टेबल होतं. मास्तरांनी झाकण काढलं, फुंकर मारली, आणि लगेच कळलं, पॉवर सप्लाय गेलाय. पाच मिनिटांचं काम. जावई दारात उभा राहून बघत होता. त्यानं चहा केला. मास्तर बोलत सुटले, पातळ लॅपटॉपांवर, टच स्क्रीनवर, कचेरीतल्या वायरलेस माउसवर. आणि जावई चक्क हसला. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं होतं. मास्तरांना वाटलं, हे संपू नये. नवा बसवला की पाच वर्षं इथे बोलावणं येणार नाही, हेही त्याच क्षणी डोक्यात आलं.

हात पिशवीत गेला. त्यांनी जुना बसवला.

सात आठवड्यांनी फोन आला. मास्तर गेले, तो काढून घरी आणला, एक कपॅसिटर बदलला, एक तसाच ठेवला, नेऊन परत लावला. मग ही रीतच पडली. कुठला भाग किती दिवस तग धरेल हे मास्तरांना बोटांवर माहीत होतं. मनाला त्यांनी समजूत घातली होती की, फार तर यंत्र बंद पडेल, दुसरं काय होणार आहे. हेच जर एखादं गिऱ्हाईक म्हणालं असतं, तर मास्तरांनी त्याला गाळ्यातून बाहेर काढलं असतं.

त्या घरात मास्तर नेहमी खुशीत असत. दारातूनच काहीतरी मत घेऊन शिरत. साहेबांचं नाव ते चुकूनही काढत नसत. तिच्या खुर्चीत बसून तिचंच यंत्र उघडत आणि शेजारच्या बाईच्या नव्या राउटरला चार कान असून ऐकू कसं येत नाही, ते सांगत. यंत्र सुरू झालं, चहा झाला, की लगेच उठत. जास्त बसलो तर तोंड फुटेल आणि नको ते बाहेर येईल, ही भीती होती. बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या बाकावर थोडा वेळ बसावं लागे, मग घरी.

घरी बायको दारातच विचारी. "कसा आहे? जेवतो का नीट? शर्टाला इस्त्री होती का?"

"होती," मास्तर म्हणत. "हसला दोनदा."

"दोनदा," बायको म्हणे आणि तो दिवस तिला पुरे.

मधे एकदा यंत्र फार हळू चालतंय असं जावई म्हणाला. मास्तरांनी जुनी हार्ड डिस्क काढून त्यातलं सगळं जसंच्या तसं एका नव्या एसएसडीवर चढवलं, आत काय आहे ते न बघता. ते काम दोन तास चाललं, म्हणजे दोन कप चहा. जुनी डिस्क नियमाप्रमाणे त्याच संध्याकाळी पुसली. "दुसरी एक प्रत काढून ठेव हो," ते जाताना म्हणाले. "हो बाबा," जावई म्हणाला. जावयाकडे कचेरीचा चांगला लॅपटॉप होता, तरी ह्या जुनाट यंत्रासाठी तो दर वेळी इतक्या घाईनं का बोलावतो, हे मास्तरांच्या डोक्यात कधी आलं नाही. आपली लबाडी सांभाळण्यातच त्यांचं डोकं गुंतलं होतं.

अशी चार वर्षं गेली. मग एका रविवारी सकाळी फोन आला. "बाबा, ह्या वेळी जरा जळका वास आला."

मास्तर रिक्षानं गेले, एरवी चालत जात. दारातून शिरताना त्यांनी सवयीनं काहीतरी विनोद केला, पण तो कसला होता ते त्यांना पुढे कधी आठवलं नाही. झाकण काढलं. फुंकर मारायची गरज नव्हती. वासच सगळं सांगत होता. फुगलेला कपॅसिटर फुटला होता, आणि फुटता फुटता त्यानं वाट्टेल तेवढा व्होल्टेज पुढे ढकलला होता. मदरबोर्ड काळा पडला होता. मास्तरांनी एसएसडी सोडवली, सोबत आणलेल्या आपल्या लॅपटॉपला वायरीनं जोडली. काही नाही. वायर बदलली. काही नाही. तिसऱ्यांदा जोडताना त्यांनी कोपर टेबलावर टेकवलं.

"गेली," ते म्हणाले.

"म्हणजे आतलं सगळं?"

"सगळं. तू प्रत काढली होतीस ना?"

जावई पलंगाच्या कडेवर बसला. मग तो बोलायला लागला, आणि इतकं लांब बोलताना मास्तरांनी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

"नाही काढली. काढायला बसायचो आणि उठायचो. त्यात तिची एक फाईल होती, बाबा. 'घरातल्या वस्तूंविषयी.' आजारी होती तेव्हा इथेच बसून लिहिली. मी नसताना कोणती वस्तू कशी वागेल ते तुला कळायला हवं, म्हणाली. वॉशिंग मशीन, गॅस, कुलूप, सगळं. प्रत्येकाला एक पान."

मास्तरांनी हातातली वायर खाली ठेवली.

"वॉशिंग मशीन शेवटच्या दोन मिनिटांत घर सोडून निघतं, उजव्या पायाखाली पुठ्ठा घाल, असं होतं. प्रिंटर भांडखोर आहे, सकाळी बोलायला जाऊ नकोस. फ्रीजचा कॉम्प्रेसर उत्तम असं बाबांचं मत, दिवा फार पिवळा असं माझं मत, हे तिचेच शब्द. माझ्या फोनचंही पान होतं. बॅटरी चांगली, उचलणारा वाईट." जावई एवढं बोलून हसला आणि हसताना त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "काहीतरी बिघडलं की मी तेवढंच पान उघडायचो. वाचलं की वाटायचं, ती आत्ताच स्वयंपाकघरात ओरडून सांगतेय."

मास्तरांना आपल्या मुलीचा आवाज ऐकू आला. चार वर्षांत इतका स्पष्ट कधीच आला नव्हता. ती असं काही लिहीत होती आणि ते ह्याच टेबलावर, त्यांच्या हाताखाली, दोन स्क्रूंच्या पलीकडे पडलेलं होतं.

"मला का नाही दाखवलंस?"

"दर वेळी ठरवायचो," जावई म्हणाला. "पण तुम्ही यायचात तेव्हा कॉम्प्युटर बंद असायचा. आणि सुरू झाला की तुम्ही लगेच उठायचात." मग तो हळूच म्हणाला, "शेवटचं पान तुमचं होतं. वर लिहिलं होतं, 'बाबा'."

मास्तरांना विचारायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण विचारायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं, आणि जावयानं उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा तर ते सहनच होईना.

"वाईट वाटून घेऊ नका," जावई म्हणत होता. "यंत्र जुनं होतं. तुम्हीच एवढं चालवलंत."

गप्प राहिले असते तर सगळं निभावलं असतं. जावयानं नवा लॅपटॉप घेतला असता, कोणता घेऊ म्हणून विचारलं असतं, मास्तर तो निवडायला आले असते, त्या निमित्तानं आणखी काही वर्षं निघाली असती. हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं. पण त्या हाताचं वजन त्यांना पेलेना.

"मीच मारलंय ते," मास्तर म्हणाले. आणि त्यांनी सांगितलं. पिशवीत पहिल्या दिवशी दोन पॉवर सप्लाय होते इथपासून. एक बदलायचो, एक तसाच ठेवायचो. सात आठवड्यांचा हिशोब. "मला इथे यायचं होतं," एवढंच त्यांनी कारण दिलं, आणि ते दोनदा सांगितलं.

जावयाचा हात खांद्यावरून निघाला. तो खिडकीशी गेला, पाठमोरा उभा राहिला.

"नुसती बेल वाजवली असती तरी चाललं असतं, बाबा," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी रोज संध्याकाळी घरीच असतो."

मग म्हणाला, "आज तुम्ही जा."

मास्तर गेले. हत्यारांची पिशवी तिथेच राहिली. एसएसडी मात्र मुठीत होती, ती त्यांनी मागून घेतली.

घरी बायकोनं विचारलं, "हसला का?" मास्तरांनी तिलाही सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ती पोळपाट पुसत राहिली, कोरडा होता तरी. मग म्हणाली, "माझं पान होतं का त्यात?"

"विचारलं नाही."

"विचारा," ती म्हणाली आणि आत गेली.

पुढचे तीन आठवडे मास्तर ती एसएसडी घेऊन फिरले. गेलेला डेटा काढून देणारे दोघे जण त्यांच्या माहितीचे होते, दोघेही मास्तरांच्याच हाताखाली शिकलेले. पहिल्यानं चिप भिंगाखाली धरली आणि मान हलवली. दुसऱ्यानं चार दिवस ठेवून घेतली, मग स्वतः आणून दिली आणि चहा न घेता गेला. गाळ्यात कुणीतरी नव्या टॅब्लेटबद्दल मत विचारलं. "मला नाही माहीत," मास्तर म्हणाले. विचारणारा घाबरला.

रोज झोपेतून उठताना डोक्यात तेच असे. काय लिहिलं असेल? चेष्टा असेल. बोलतात फार, ऐकतात कमी, असं काहीतरी. नाहीतर पाय जपा, गोळ्या वेळेवर घ्या. की सात महिन्यांत त्यांनी तिच्यासमोर एकदाही डोळ्यांतून पाणी काढलं नाही, उलट रोज नवीन विनोद घेऊन गेले, त्याबद्दल? ती रागावली होती का? तिला बरं वाटत होतं का? एक ओळ मिळाली तरी पुरे होती. जावयानं ते वाचलं असणार. चार वर्षं ते पान त्याच्यापाशी होतं. शब्दन् शब्द नसेल, पण अर्थ तरी आठवत असेल. तो सांगेल. दारातून हाकललं तरी चालेल, पण एवढं सांगून हाकलावं.

चौथ्या रविवारी संध्याकाळी मास्तर निघाले. हातात पिशवी नव्हती, कारण नव्हतं, तोंडात विनोद नव्हता. त्यांनी बेल वाजवली आणि दोन्ही हात मागे धरून उभे राहिले.

जावयानं दार उघडलं. मास्तरांना बघून तो बाजूला झाला. आत टेबलावर यंत्र नव्हतं. तिथे एक वही उघडी होती आणि पेन.

"आठवेल तसं लिहून काढतोय," जावई म्हणाला. "तिच्याच शब्दांत जमत नाही. अकरा पानं झालीत. आईंचंही एक पान होतं, ते मला बऱ्यापैकी आठवतं. आई आजारी पडल्या होत्या तेव्हा वाचलं होतं. त्यांना काय करून घालायचं ते होतं त्यात."

"आणि माझं?" मास्तर म्हणाले. "माझ्याबद्दल काय लिहिलं होतं रे तिनं? एक ओळ सांग. काहीही असू दे."

जावयानं खुर्ची ओढली, पण तो बसला नाही. खुर्चीची पाठ धरून उभा राहिला.

"ते मी कधी उघडलंच नाही, बाबा," तो म्हणाला. "काही बिघडलं तरच पान उघडायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्ही दर वेळी हसत यायचात, हसत जायचात. तुमचं काही बिघडलंय असं मला कधी दिसलंच नाही."